गाठीचं लाकूड फेकू नका, पण त्याच्या पाठीवर रंधाही मारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एकाच लाकडातून धनुष्य कसं करायचं यावर लेख आला होता, तो मी अगदी नीट वाचला. असा विषय मराठी पेपरात येतो हेच मुळात फार छान वाटलं, त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण त्यातल्या दोन गोष्टींवर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. लेखात सरळ म्हटलंय की लाकडात गाठ दिसली की ते सरपणात टाका, धनुष्याला फक्त सरळ, स्वच्छ, बिनगाठीचं लाकूडच घ्या. आणि सोबत जे चित्र छापलंय त्यात मात्र धनुष्याच्या पाठीवर चांगली ठळक गाठ आहे आणि त्या गाठीसकट अख्खी पाठ रंधा मारून सपाट केलेली दाखवलीये. म्हणजे लेख वाचून लोक चांगलं लाकूड जाळणार, आणि ज्यांच्याकडे दुसरं लाकूडच नाही ते चित्र बघून रंधा मारणार आणि ते धनुष्य त्यांच्या तोंडासमोर मोडणार. मी गेली बरीच वर्षं लाकडी धनुष्यं करते, आणि मला तर गाठीचं लाकूड जास्त आवडतं, म्हणून हे जरा लांबलचक पत्र, कृपया वाचून घ्या.

धनुष्य ओढलं की त्याची जी बाजू बाण मारणाऱ्यापासून लांब असते ती ताणली जाते, तिला पाठ म्हणतात, आणि त्याच्या तोंडाकडची बाजू म्हणजे पोट, ते दाबलं जातं. मधल्या लाकडाला तसं फार काम नसतं, सगळा जोर पाठीच्या आणि पोटाच्या अगदी वरवरच्या थरात येतो. आता लाकूड म्हणजे लांबच लांब धागे एकमेकांना चिकटलेले, आणि हे धागे लांबीच्या दिशेने ओढले तर भयंकर मजबूत असतात पण आडवे ओढले तर काहीच नाही, बहुतेक लाकडांत आडवी ताकद उभ्या ताकदीच्या विसाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. कुऱ्हाडीच्या एका घावात ओंडका उभा फुटतो आणि आडवा तोडायला मात्र घाम निघतो, ते याचमुळे. त्यामुळे पाठीवरचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असणं, एवढीच काय ती धनुष्याची खरी अट आहे. लाकूड सरळ असावं ही अट नाहीच.

मग गाठ म्हणजे काय? तर फांदीचं बूड. झाड दर वर्षी नवा थर चढवत जातं आणि तो थर त्या फांदीला गुंडाळून पुढे जातो, खोडाचे धागे फांदीपाशी आले की तिला वळसा घालतात आणि पलीकडे परत एकत्र येतात, ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालून जातं ना तसे. म्हणजे गाठीपाशी धागे तुटलेले नसतात, वळलेले असतात, आणि वळताना थोडे वर उचललेलेही असतात म्हणून तिथे पाठीवर उंचवटा दिसतो. वाऱ्या-वादळात एवढी मोठी फांदी हलणार, ओढ घेणार, तेव्हा खोड फाटू नये म्हणून झाडाने ती जागा आधीच भक्कम करून ठेवलेली असते. आता तुम्ही त्या उंचवट्यावर रंधा मारून सपाट केलंत की वर आलेले सगळे धागे मधोमध कापले गेले, त्यांची टोकं पाठीवर उघडी पडली, आणि धनुष्य वाकलं की तिथून एक ढलपी उचलली जाते आणि मग पुढचं सगळं एका क्षणात होतं. गाठीने धनुष्य मोडलं असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते रंध्याने मोडलेलं असतं.

हे काही माझं शोधून काढलेलं नाही, फार जुनं आहे. मेरी रोज नावाचं इंग्लंडचं लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये त्याचा सांगाडा समुद्रातून वर काढला, त्यात यू नावाच्या झाडाची १७२ धनुष्यं मिळाली, त्यातली १३७ अख्खी. ही खरी युद्धात वापरायची धनुष्यं, आजच्या अंदाजाप्रमाणे त्यातली बरीचशी १०० पौंडांच्या वर ओढीची (ओढ म्हणजे धनुष्य पूर्ण ताणायला लागणारा जोर), म्हणजे आज सरावाला लोक जे धनुष्य घेतात त्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि त्यांच्यावर गाठी आहेत! यूच्या लाकडात टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक गाठींचे घोसच्या घोस असतात, आणि त्या कारागिरांनी गाठीपाशी लाकूड मुद्दाम जास्त सोडलंय, उंचवटे तसेच ठेवलेत. त्या काळात लाकडाची टंचाई इतकी होती की १४७२ मध्ये इंग्लंडमध्ये कायदाच केला होता, बाहेरून येणाऱ्या व्यापारी जहाजांनी मालाच्या दर टनामागे धनुष्याची ४ लाकडं आणलीच पाहिजेत असा. एवढ्या कष्टाने आणलेलं लाकूड गाठ दिसली म्हणून कुणी जाळलं असेल असं मला नाही वाटत. आणि त्याही मागे जायचं तर डेन्मार्कच्या होल्मगार्डच्या दलदलीत सापडलेली एल्म नावाच्या झाडाची धनुष्यं साधारण ९००० वर्षांपूर्वीची आहेत, त्यात झाडाची सालीखालची बाहेरची बाजू हीच धनुष्याची पाठ आहे, तिला हात लावलेला नाही. म्हणजे रंधा नव्हता तेव्हापासून माणसाला हे कळत होतं.

आता सगळ्याच गाठी चालतात असं मात्र अजिबात नाही, इथे नीट बघावं लागतं. जिवंत गाठ आणि मेलेली गाठ यात जमीन-अस्मानाचा फरक. झाड तोडलं तेव्हा फांदी हिरवी होती तर गाठ आजूबाजूच्या लाकडाशी एकजीव असते, कडक, तकतकीत, आणि आरीचं टोक दाबलं तर रुतत नाही. फांदी आधीच वाळून गेली असेल तर गाठीभोवती काळी कड दिसते, कधी ती हलते, कधी आत तपकिरी भुगाच असतो. मेलेली गाठ दिसली की मी ती टोकदार हत्याराने कोरून काढते, कडक लाकूड लागेपर्यंत, आणि मग उरलेलं भोक केवढं आहे ते बघते. भुजेच्या, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतच्या वाकणाऱ्या भागाच्या, मधोमध असेल आणि रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून लहान असेल तर चालतं, कारण धागे आधीच त्याला वळसा घालून गेलेले आहेत, भोक मोकळं राहिलं तरी धनुष्य त्याच्या दोन्ही बाजूंनी काम करतं. त्यात लाकडाचा बारीक भुसा आणि इपॉक्सी भरतात लोक, भरा, पण त्याने ताकद येते असं समजू नका, आत पाणी आणि घाण जाऊ नये एवढाच त्याचा उपयोग.

सगळ्यात वाईट गाठ ती जी भुजेच्या कडेला अर्धी कापली जाते. अर्धी गाठ आत, अर्धी करवतीने गेली, म्हणजे वळसा घालणारे धागे एका बाजूने पूर्ण तोडलेले. त्यामुळे आखणी करतानाच ठरवायचं, ही गाठ पूर्ण आत घ्यायची नाहीतर पूर्ण बाहेर टाकायची, मधलं काही नाही. आत घ्यायची असेल तर कडेला फुगवटा राहील, राहू दे, उलट त्या फुगवट्याने धनुष्य देखणं दिसतं असं माझं मत आहे.

आखणीचं काम घाईत करण्यासारखं नाहीच. आधी तर लाकूड करवतीने न कापता पाचर मारून फोडावं, कारण करवत आपल्या रेघेने जाते आणि फट लाकडाच्या धाग्याने जाते, फोडल्याशिवाय धागा खरा कुठे चाललाय ते कळतच नाही. गाठीच्या ओंडक्यात फट मधेच भलतीकडे वळते, तिथे अडकलेले धागे कुऱ्हाडीच्या पात्याने तोडत तोडत पुढे जावं लागतं, वेळ लागतो. फोडल्यावर लगेच दोन्ही टोकांना मेण किंवा गोंद किंवा जाड रंग लावायचा, नाहीतर टोकाकडून पाणी पटकन उडतं आणि तडे आत शिरतात. लाकडात ८ ते १० टक्के ओलावा उरला की काम करण्यासारखं झालं, त्याहून ओलं असलं की वाकवल्यावर वाकडंच राहतं, आणि फारच कोरडं झालं तर ठिसूळ. गाठीच्या मध्यातून वाळताना चांदणीसारखे बारीक तडे जातात, त्याला घाबरायचं कारण नाही, पातळ सुपरग्लू सोडला की झालं. तडा पाठीवर लांबीच्या दिशेने असेल तर बहुतेकदा निभावतं, कडेकडे तिरका पळत असेल तर विचार करा, आणि आडवा असेल तर तो भाग सोडूनच द्या.

मग लाकडावर धनुष्य मागे-पुढे सरकवून बघायचं. समजा ६८ इंचांचं धनुष्य करायचंय आणि लाकूड ७४ इंच आहे, तर सरकवायला ६ इंच मिळाले, आणि एवढ्यात पुष्कळ काही होतं. सगळ्यात मोठी गाठ मुठीत आणता आली तर काम निम्मं सोपं, कारण ताठ मुठीचं धनुष्य मुठीत वाकत नाही आणि जिथे वाकत नाही तिथे गाठीचं काही चालत नाही. अगदी टोकाकडच्या चार-पाच इंचांतही तसंच, तिथेही वाकणं नगण्य. भुजेच्या मधल्या भागात, जिथे वाकणं सगळ्यात जास्त असतं, तिथे गाठ येऊ नये हे बघायचं, आणि आलीच तर तिची तयारी ठेवायची. गाठीच्या लाकडाचं धनुष्य थोडं लांब आणि थोडं हलकं ठेवा असं माझं कळकळीचं सांगणं आहे, दोरी २८ इंचांपर्यंत मागे ओढायची असेल तर एरवी ६६ ते ६८ इंच पुरतात, इथे ७० ठेवा, आणि पहिल्या धनुष्याला ३५-४० पौंडांच्या वर जाऊ नका.

मधली रेघ मारताना दोरा ताणून सरळ रेघ मारू नका, हे तर मला मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतं. पेन्सिल धाग्याच्या मागून न्यायची, धागा डावीकडे वळला तर रेघ डावीकडे. धनुष्य नागमोडी दिसेल, दिसू दे. बघायचं एवढंच की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला तर तो मुठीवरून जातोय ना. जात नसेल तर वाफ देऊन मूठ किंवा भुजा बाजूला वळवता येते, साधारण इंचभर जाडीला तासभर वाफ हा ठोकताळा, आणि मग शिकंज्यात धरून पूर्ण थंड होऊ द्यायचं. टोकापासून टोकापर्यंत दोरी मुठीवरून गेली की मधल्या वळणांनी बाणाला काही फरक पडत नाही.

आता रुंदी आणि जाडी. हे गणित ज्याला कळलं त्याला गाठीची भीती उरत नाही. लाकडाचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो पण जाडीच्या घनाने वाढतो. रुंदी १० टक्के वाढवली तर ताठपणा १० टक्के वाढला. जाडी १० टक्के कमी केली तर ताठपणा तब्बल २७ टक्के उतरला. भुजा १४ मिलिमीटर जाड आहे आणि तुम्ही अर्धा मिलिमीटर खरवडलंत, नुसता अर्धा, तर ताठपणा साधारण १० टक्क्यांनी गेला. त्यामुळे गाठीपाशी आधार द्यायचा तर तो रुंदीने द्यायचा, जाडीने नाही. माझा ठोकताळा असा की गाठ ८ मिलिमीटरची असेल तर तिथे भुजा ८ मिलिमीटर जास्त रुंद ठेवायची, म्हणजे गाठीच्या दोन्ही बाजूंचं चांगलं लाकूड मिळून बाकीच्या भुजेएवढं भरतं. लोक करतात काय, तर भीतीपोटी गाठीवर जाडीच जास्त सोडतात. मग ती जागा ताठ बसते, वाकतच नाही, आणि तिच्या वाट्याचं वाकणं शेजारच्या दोन बोटं जागेवर येऊन पडतं, आणि धनुष्य तिथून मोडतं, गाठ मात्र शाबूत. हे मी कितीतरी तुटलेल्या धनुष्यांत बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं कारण लाकडाचा काहीच दोष नसतो.

पाठ काढण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण चित्रातली चूक तिथलीच आहे. काही लाकडांत, म्हणजे एल्म, अ‍ॅश, हिकरी वगैरेंत, साल काढली की खालची गुळगुळीत बाजू हीच पाठ, काही करायचंच नाही, साल काढताना हत्यार आत रुतू द्यायचं नाही बस. पण ओसेज ऑरेंज, ब्लॅक लोकस्ट, तुती अशा लाकडांत बरेच जण बाहेरचं पांढरं लाकूड काढून आतल्या गाभ्यातलं एखादं जाडसं वलय, म्हणजे एका वर्षाच्या वाढीचा थर, निवडतात आणि अख्खी पाठ त्या एकाच वलयावर काढतात. दर वर्षीच्या वाढीत एक पट्टा सुरुवातीच्या दिवसांचा, सच्छिद्र आणि हलका, आणि त्याच्यावर उरलेल्या हंगामाचा घट्ट, जड पट्टा. आपल्याला वरचा सच्छिद्र पट्टा काढून खालच्या घट्ट पट्ट्याच्या माथ्यावर थांबायचं असतं. दोन मुठींची सुरी, ड्रॉ नाईफ म्हणतात ती, सच्छिद्र पट्ट्यातून जाताना कुरकुर आवाज करते, हाताला खरखर जाणवते, आणि घट्ट लाकडावर आली की आवाज एकदम थांबतो आणि सुरी घसरायला लागते. रंगही बदलतो. एका बाजूने दिवा आडवा लावून ठेवला तर हे फार स्पष्ट दिसतं, वरून उजेड पडला तर सगळं एकसारखं दिसतं आणि माणूस फसतो.

गाठ अजून चार बोटं लांब असतानाच ड्रॉ नाईफ खाली ठेवायची. कारण उंचवटा चढताना धागा वर येतो आणि सुरीचं पातं धाग्याच्या खाली शिरून मोठी ढलपी उचकटून काढतं, आणि ती ढलपी परत चिकटवता येत नाही. इथून पुढे स्क्रेपर, किंवा साध्या चाकूची धार काटकोनात धरून खरवडायचं, उंचवट्याच्या सगळ्या बाजूंनी थोडं थोडं, माथ्याकडे. खरवडत गेलं की गाठीभोवती एकात एक कडी दिसायला लागतात, फिकी आणि गडद आलटून पालटून, नकाशात डोंगराची उंची दाखवायच्या रेषा असतात ना, अगदी तेच तत्त्व. आपलं वलय कुठलं ते पेन्सिलने गाठीभोवती गोल आखून ठेवा, पुसली गेली की परत आखा. एका मोठ्या गाठीला अख्खी संध्याकाळ जाते कधीकधी. गाठीचा अगदी माथा, जिथे फांदीचं बूड दिसतं, तिथे वरचं एखादं जास्तीचं वलय राहिलं तरी चालतं, खाली गेलेलं मात्र चालत नाही. शंका आली तर लाकूड ठेवा, काढता कधीही येतं.

पाठ झाली की पोट, आणि पोटाने पाठीमागून चालायचं असतं. म्हणजे पाठीवर उंचवटा असेल तर पोटाला त्याच जागी तेवढाच खोलगटपणा पाहिजे, तरच जाडी सारखी राहील. बहुतेक जण पोट सपाट करतात कारण डोळ्याला ते बरोबर वाटतं, आणि मग उंचवट्यापाशी जाडी आपोआप वाढते. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, अंगठा पोटावर आणि तर्जनी पाठीवर धरून मुठीपासून टोकापर्यंत हळूहळू सरकत जा, डोळे मिटून, मिलिमीटरचासुद्धा फरक बोटांना कळतो, थोडी सवय झाली की कॅलिपर फक्त खात्रीला लागतो. पोटावर गाठ असेल तर कानस वापरा, सुरी तिथे उड्या मारते. पोटावर वलयं कापली गेली तरी हरकत नाही, तिथे ताण नाही, दाब आहे. फक्त तिथे वेगळा धोका असतो, गाठीच्या शेजारी दाबाने लाकूड चुरगळतं आणि केसाएवढ्या बारीक आडव्या सुरकुत्या पडतात, म्हणून पोटावर बोट फिरवून आणि उजेडात तिरकं धरून बघत राहायचं.

मग टिलरिंग, म्हणजे धनुष्य दोन्ही बाजूंनी सारखं वाकेल असं थोडं थोडं खरवडत आणणं. सरळ लाकडात हे सोपं, एक छान गोल कमान दिसली की झालं. गाठीच्या लाकडात कमान गोल दिसायला लागली की उलट काळजी करा! कारण ते मुळातच वाकडं आहे. एखादी जागा मुळात पुढे झुकलेली असेल तर ओढल्यावर ती जवळजवळ सरळ दिसेल आणि तरीही तिचं काम बरोबर चाललेलं असेल, तुम्ही ती ताठ आहे समजून खरवडलीत तर तिथे कमकुवत जागा तयार झाली. आणि जी जागा मुळातच आत वळलेली आहे ती ओढल्यावर जास्त वाकल्यासारखी दिसते, ती मात्र निर्दोष असते. त्यामुळे दोरी न लावलेल्या धनुष्याचा आकार भिंतीवर पेन्सिलने काढून ठेवा किंवा ठरलेल्या एकाच जागेवरून मोबाईलवर फोटो काढा, आणि दर वेळी त्याच्याशी ताडून बघा, कुठे किती बदललं. प्रश्न एकच विचारायचा, ही जागा आपल्या मूळ जागेपासून किती हलली.

घाई करू नका. दर वेळी खरवडल्यावर २०-३० वेळा हलकं वाकवायचं, कारण लाकडाला बदल अंगात मुरायला वेळ लागतो, न वाकवता बघितलं तर जुनंच चित्र दिसतं आणि माणूस जास्त खरवडून बसतो. आणि जेवढ्या पौंडांचं धनुष्य हवंय त्याच्यापेक्षा जास्त जोर कधीच लावायचा नाही, ४० पौंडांचं हवं असेल तर वजनाचा काटा ४० वर आला की तिथेच थांबायचं, मग ओढ १० इंच झालेली असो नाहीतर १५, खरवडायचं आणि मग पुढे.

लेखात सुरक्षेबद्दल फारच थोडं होतं, म्हणून हेही सांगते. पहिल्या ओढी हाताने नाही घ्यायच्या, खुंटीवर धनुष्य अडकवून कप्पीतून दोर घेऊन लांब उभं राहून ओढायचं, डोळ्याला गॉगल लावून. बारीक जरी टिक असा आवाज आला तरी लगेच सोडून शोधायला लागायचं. शोधायची एक सोपी युक्ती म्हणजे कापसाचा बोळा पाठीवरून हलकेच फिरवायचा, कुठे एखादा धागा उचलला गेला असेल तर तिथे कापसाचा तंतू अडकून राहतो, डोळ्याला दिसायच्या कितीतरी आधी. गाठीच्या उताराच्या दोन्ही बाजूंना तर हे दर वेळी करायचं. धागा उचलला असेल तर सुपरग्लू सोडून वरून सुताचा किंवा तातीचा घट्ट वेढा द्यायचा, आणि ओढ थोडी कमी करायची. पाठीवर कच्चं चामडं चिकटवण्याचा सल्ला लेखात आहे, तो चांगला आहे, ढलपी उचलायला लागली तर चामडं धरून ठेवतं, पण रंधा मारून कापलेली गाठ चामड्याने वाचत नाही हे तिथे लिहायला हवं होतं, वाचणाऱ्याला वाटेल की चामडं लावलं म्हणजे सगळं माफ. बाण न लावता दोरी सोडायची नाही, सगळी ताकद भुजांमध्येच परत जाते. आणि यूवर काम करत असाल तर मास्क लावा, त्या झाडात विष आहे आणि त्याचा भुसा नाकात जाणं चांगलं नाही.

लेखकाची तळमळ मला कळते, नवीन माणसाला पहिल्याच धनुष्यात अपयश येऊ नये म्हणून त्यांनी सरळ लाकूड घ्या म्हटलंय. पण धनुष्य करायची इच्छा झालेल्या किती जणांना सहा फूट लांब, सरळ, बिनगाठीचा तुकडा मिळतो? बहुतेकांच्या हाती छाटणीतलं, वाऱ्याने पडलेलं, वाकडं-तिकडं असंच लाकूड लागतं, आणि त्यांना पहिल्याच परिच्छेदात सांगितलं की हे तुमच्या कामाचं नाही, तर ती मंडळी पुढचा परिच्छेद वाचणारच नाहीत. शिवाय सरळ लाकडात धागा न बघताही धनुष्य होऊन जातं, त्यामुळे माणूस धागा बघायला शिकत नाही. गाठीचं लाकूड पहिल्या दिवसापासून बघायला लावतं.

माझी आपल्याला विनंती आहे की ते चित्र आपल्या पुढच्या पुरवणीत दुरुस्त करून परत छापावं. त्यात गाठीपाशी धनुष्याचा उभा छेद दाखवावा, पाठीवरचा उंचवटा तसाच, वलयाची रेषा त्याच्यावरून अखंड गेलेली, आणि खाली पोटाला तेवढाच खोलगटपणा. शेजारी रंधा मारलेली पाठ काढून तिच्यावर ठळक फुली मारावी. चित्रकाराला समोर ठेवून बघायला हवं असेल तर गाठीपाशी उभं चिरलेलं लाकूड मी पाठवीन, त्यात धागे कसे वळतात ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

आपली नम्र,
एक नियमित वाचक